विषारी पानं: बगदादच्या पुस्तकबाजारापासून ग्रंथालयातल्या खुनापर्यंत

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात आजकाल एक ठरावीक मुखपृष्ठ हमखास दिसतं. पुस्तकांनी भरलेली मांडणी, खिडकीत झोपलेलं मांजर, टेबलावर वाफाळता चहाचा कप आणि कोपऱ्यात कुठेतरी एक सुरी. या प्रकाराला 'कोझी मिस्टरी' म्हणतात. मराठीत म्हणायचं तर उबदार रहस्यकथा. हिचे नियम साधे आहेत. खून होतो, पण पडद्याआड. रक्तपाताची वर्णनं नाहीत, शिवीगाळ नाही, शृंगार दाराबाहेर थांबतो. शोध घेणारी व्यक्ती सहसा पोलिस खात्यातली नसते. ती ग्रंथपाल असते, दुकानदार असते किंवा एखादी निवृत्त शिक्षिका. गाव लहान, माणसं ओळखीची. शेवटी खुनी सापडतो आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. यातल्या कितीतरी कादंबऱ्या ग्रंथालयात नाहीतर पुस्तकाच्या दुकानात घडतात.

मला या कादंबऱ्या आवडतात. हे सांगितलं की दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला, हे वाचन म्हणजे 'लग्व', निरर्थक गोष्टीत वेळ घालवणं. दुसरा, ही गोऱ्या लोकांची चैन, तिचा आपल्याशी काय संबंध? पहिल्या आक्षेपाकडे नंतर येऊ. दुसऱ्याचं उत्तर मात्र इतिहासात आहे, आणि ते बरंच मजेदार आहे. पुस्तक हेच खुनाचं हत्यार, ही कल्पना इंग्लंडातल्या खेड्यात जन्मलेली नाही. तिची जुनी गोष्ट अरबी भाषेत आहे.

(पुढे काही कादंबऱ्यांची रहस्यं उघड होणार आहेत. ज्यांना ती स्वतः शोधायची आहेत त्यांनी आधी त्या वाचाव्यात आणि मग इथे यावं.)

हकीम दुबानचा ग्रंथ

'अल्फ लैला'मध्ये, म्हणजे आपण ज्याला 'अरबी भाषेतील सुरस कथा' म्हणतो त्यात, कोळी आणि जिन्नची गोष्ट आहे. त्या गोष्टीच्या पोटात हकीम दुबानची गोष्ट येते. युनान नावाच्या बादशहाला कुष्ठरोग झालेला असतो. दुबान त्याला ना काढा देतो ना लेप. तो चौगानच्या दांड्याच्या मुठीत औषध भरतो आणि बादशहाला खेळायला लावतो. तळहाताला घाम येतो, घामातून औषध अंगात भिनतं आणि बादशहा बरा होतो. दुबानचा मानमरातब वाढतो, तसा वजीर जळतो. तो बादशहाचे कान भरतो: मुठीतून जो बरं करू शकतो, तो मुठीतून मारूही शकेल. बादशहा दुबानच्या शिरच्छेदाचा हुकूम सोडतो.

दुबान गयावया करतो, पण बादशहा बधत नाही. मग तो म्हणतो, माझ्याकडे एक दुर्मीळ ग्रंथ आहे, तो तुम्हाला देतो. माझं शिर कापल्यावर ग्रंथ उघडा, सांगितलेल्या पानावरच्या ओळी वाचा, माझं शिर तुमच्याशी बोलेल. कुतूहल बादशहालाही आवरत नाही. शिर उडवलं जातं, ग्रंथ उघडला जातो. पानं एकमेकांना चिकटलेली असतात. बादशहा बोट जिभेला लावून एकेक पान सुटं करतो. पानांवर काहीच लिहिलेलं नसतं. लिहिलेलं नसतं, पण लावलेलं असतं. थोड्याच वेळात विष अंगात भिनतं आणि बादशहा कोसळतो.

या गोष्टीची घडण पाहा. ज्या वाटेने औषध गेलं, त्याच वाटेने विष जातं. हत्यार म्हणून वाचकाची एक सवय वापरली आहे, बोट ओलं करून पान उलटण्याची. आणि बळी पडतो तो पुस्तकाबद्दलच्या स्वतःच्याच हावेमुळे. आजच्या रहस्यकथाकाराला हेवा वाटावा असा हा बेत आहे. 'अल्फ लैला'च्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितातही ही गोष्ट आहे. हे हस्तलिखित सीरियातलं असून आँत्वान गॅलाँ या फ्रेंच पंडिताने आपल्या भाषांतरासाठी तेच वापरलं. १७०४ पासून त्याचे खंड निघू लागले आणि दुबान युरोपात पोहोचला.

१८४५ साली अलेक्झांडर द्यूमा यांच्या 'ला रेन मार्गो' या कादंबरीत कॅथरीन द मेदिची एका शत्रूसाठी बहिरी ससाण्यांच्या शिकारीवरचं पुस्तक विषाने माखून ठेवते. ते पुस्तक नको त्याच्या, म्हणजे तिच्याच मुलाच्या, फ्रान्सच्या राजाच्या हाती पडतं. तोही चिकटलेली पानं बोट ओलं करून उलटतो. १९८० साली उंबेर्तो इको यांच्या 'द नेम ऑफ द रोझ'मध्ये हीच विषारी पानं एका मठाच्या ग्रंथालयात येतात. त्या कादंबरीकडे आपल्याला सावकाश जायचं आहे. त्याआधी बगदादच्या बाजारात एक फेरी मारू.

वर्राकांचा बाजार

अशी गोष्ट सुचण्यासाठी आधी समाजात पुस्तकं हवीत, आणि ती महालापुरती मर्यादित नकोत. नवव्या-दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये ती होती. कागद स्वस्त झाला होता आणि 'वर्राक' नावाचा एक व्यवसायच उभा राहिला होता. वर्राक म्हणजे कागद विकणारा, पुस्तकं नकलून देणारा, बांधणारा आणि विकणारा. याकूबी या नवव्या शतकातल्या लेखकाने बगदादच्या एका भागात वर्राकांची शंभरहून जास्त दुकानं असल्याची नोंद केली आहे. जाहिज या थोर गद्यलेखकाबद्दल सांगतात की तो वर्राकांची दुकानं रात्रीपुरती भाड्याने घ्यायचा आणि आत बसून वाचत राहायचा. त्याचा मृत्यू अंगावर पुस्तकांचा ढीग कोसळून झाला, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी काहीही असो, पुस्तकांखाली आलेल्या मृत्यूची ही गोष्ट अगाथा ख्रिस्तीच्या हजार वर्षं आधीची आहे.

याच व्यवसायातला इब्न अल-नदीम. त्याने ९८७ साली 'अल-फिहरिस्त' नावाची सूची तयार केली. अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या सगळ्या विषयांवरच्या ग्रंथांची आणि ग्रंथकारांची ही नोंदवही आहे. तिच्या आठव्या भागात तो कथाकहाण्यांकडे वळतो आणि 'हजार अफसान' या फारसी संग्रहाबद्दल सांगतो. 'अल्फ लैला'चं मूळ त्यातच मानलं जातं. त्याचं मत काय? पुस्तक अगदीच फिकं, नीरस. पण त्याच नोंदीत तो हेही सांगतो की हे पुस्तक आपण अनेकदा संपूर्ण पाहिलं आहे. फिकं पुस्तक कोणी अनेकदा कशाला पाहील? रंजक पुस्तकाला नाक मुरडायचं आणि रात्री दिव्याखाली तेच उघडायचं, ही सवय किमान हजार वर्षं जुनी आहे असं मला वाटतं.

'अल्फ लैला'तल्या खुनाच्या गोष्टीत मात्र गुन्ह्याचा शोध असा नसतोच. 'तीन सफरचंदं' या गोष्टीत तैग्रिस नदीतून एक पेटी निघते, पेटीत तरुण स्त्रीचं प्रेत. खलिफा हारून वजीर जाफरला तीन दिवसांची मुदत देतो: खुनी शोध, नाहीतर फासावर जा. जाफर काय करतो? तीन दिवस घरी बसून राहतो. पुढचं सगळं योगायोगाने उलगडतं.

खुणांवरून तर्क बांधण्याची पद्धत आली ती दुसऱ्या एका गोष्टीतून, आणि तिच्या वाटेवर आपली दिल्ली आहे. हरवलेल्या उंटाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. उंट प्रत्यक्ष न पाहताच तो एका डोळ्याने आंधळा आहे, लंगडा आहे, त्याचा एक दात पडलेला आहे, हे काही भाऊ नुसत्या खुणांवरून सांगतात. एकाच बाजूचं गवत खाल्लेलं असतं, एक पाऊल घसटत गेलेलं असतं. अरबीत ही गोष्ट निजारच्या मुलांच्या नावावर आहे. अमीर खुसरो यांनी १३०२च्या सुमारास ती आपल्या 'हश्त बिहिश्त' या फारसी काव्यात गुंफली. तिथून ती १५५७ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या 'सेरेनदिपच्या तीन राजपुत्रां'च्या पुस्तकात गेली. पुढे १७४७ साली व्होल्तेअरने हीच युक्ती आपल्या 'झादिग'मध्ये घोडा आणि कुत्रीवर वापरली. एडगर अॅलन पो यांची पहिली डिटेक्टिव्ह कथा १८४१ची, आणि शेरलॉक होम्स त्यानंतरचा. म्हणजे होम्सच्या भिंगाच्या पूर्वजांपैकी एक निजामुद्दीन औलियांच्या मुरिदाकडे सापडतो.

कर्नल बँट्रींच्या ग्रंथालयातलं प्रेत

आता आधुनिक इंग्रजी परंपरेकडे. १९१९ साली अमेरिकन लेखक ख्रिस्तोफर मोर्ली यांची 'द हॉन्टेड बुकशॉप' प्रसिद्ध झाली. ब्रुकलिनमध्ये रॉजर मिफ्लिन या गप्पिष्ट माणसाचं जुन्या पुस्तकांचं दुकान. तिथून कार्लाइलने संपादित केलेलं क्रॉमवेलच्या पत्रांचं एक पुस्तक गायब होतं, परत जागेवर येतं, पुन्हा गायब होतं. उलगडा असा की जर्मन हेर ते पुस्तक निरोपासाठी वापरत असतात, आणि शेवटी त्याच्या बांधणीत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासाठी बॉम्ब लपवायचा त्यांचा कट असतो. पुस्तकात विष होतं, इथे दारूगोळा आला. कादंबरीचा अर्धा भाग कट आणि अर्धा भाग पुस्तकं माणसाला कशी बरी करतात यावरची मिफ्लिनची प्रवचनं.

१९४२ साली अगाथा ख्रिस्तीची 'द बॉडी इन द लायब्ररी' आली. तोवर ग्रंथालयातलं प्रेत ही रहस्यकथेतली इतकी घासलेली युक्ती झाली होती की खुद्द ख्रिस्तीनेच १९३६च्या एका कादंबरीत तिची थट्टा केली होती. एका विनोदी लेखिकेच्या पात्राच्या नावावर तिने हेच शीर्षक टाकलं होतं. मग तिने ठरवून तीच युक्ती घेतली. सेंट मेरी मीड गावातले कर्नल बँट्री, त्यांचं जुनं, थोडं अस्ताव्यस्त, खासगी ग्रंथालय, आणि सकाळी गालिच्यावर पडलेलं एका अनोळखी तरुणीचं प्रेत. गंमत त्या विसंगतीत आहे. घरातली सर्वांत प्रतिष्ठित खोली आणि तिथे सर्वांत अप्रतिष्ठित घटना. गावात कुजबुज सुरू होते, कर्नलची अब्रू जाऊ लागते. मिस मार्पल ही म्हातारी खुनी शोधते, ती फक्त न्यायासाठी नाही. त्या घराची अब्रू वाचवणंही तिला तितकंच महत्त्वाचं वाटतं. आपल्या मोहल्ल्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ख्रिस्तीचं ग्रंथालय एका जमीनदाराचं होतं. पुढच्या पिढीत ते सर्वांसाठी उघडलं. १९७९ साली लॉरेन्स ब्लॉक यांचा घरफोड्या बर्नी न्यूयॉर्कमध्ये जुन्या पुस्तकांचं दुकान चालवू लागला. १९८७ साली कॅरोलिन हार्ट यांनी एका बेटावर फक्त रहस्यकथा विकणारं 'डेथ ऑन डिमांड' हे दुकान काढलं आणि त्यावर मालिकाच लिहिली. १९९२ साली जॉन डनिंग यांनी डेन्व्हरच्या एका पोलिसाला दुर्मीळ पुस्तकांचा व्यापारी केलं. तेव्हापासून या कप्प्यात भर पडतेच आहे.

ग्रंथालय आणि रहस्यकथा यांची जोडी इतकी जमते, त्याचं कारण कामातच आहे. ग्रंथपालाचं काम म्हणजे प्रत्येक गोष्ट तिच्या जागी आहे की नाही हे पाहणं. एखादं पुस्तक चुकीच्या फळीवर असेल तर ते त्याच्या लक्षात येतं. कोणी काय वाचायला नेलं आणि कधी परत केलं, याची नोंद त्याच्याकडे असते. येणाऱ्याजाणाऱ्याशी तो बोलतो, पण त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. गुप्तहेराला आणखी काय लागतं?

इकोचं ग्रंथालय

'द नेम ऑफ द रोझ' मात्र उबदार नाही. १३२७ साल, उत्तर इटलीतला एक मठ, तिथे एकामागून एक भिक्षू मरतात. शोधासाठी बास्करव्हिलचा विल्यम येतो. नावातच होम्सला सलाम आहे. मठाचं ग्रंथालय हा चक्रव्यूह आहे. त्याच्या दालनांना जगातल्या प्रदेशांची नावं आहेत. कुरआनची प्रत कुठे ठेवली आहे? सिंह आणि अजब जनावरांच्या दालनात, खोट्या ठरवलेल्या पुस्तकांबरोबर. विल्यम मात्र तिच्याकडे वेगळं शहाणपण सांगणारा ग्रंथ म्हणून पाहतो. पुस्तक कोणत्या फळीवर ठेवलं यावरून ठेवणाऱ्याचं मन कळतं, हे इको यांनी फार सहज दाखवलं आहे.

ज्या पुस्तकासाठी माणसं मरतात, ते अॅरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'चा हरवलेला दुसरा भाग, विनोदावरचा. ते ज्या बाडात बांधलेलं आहे त्यात एक अरबी हस्तलिखितही आहे. आंधळ्या म्हाताऱ्या जॉर्जने पानांना विष लावलं आहे, कारण हसण्याला अॅरिस्टॉटलसारख्याचा आधार मिळाला तर लोकांची भीती जाईल असं त्याला वाटतं. वाचक बोट ओलं करतात आणि मरतात. अगदी युनान बादशहासारखे. फरक एवढाच की दुबानचं पुस्तक कोरं होतं. जॉर्जच्या पुस्तकात ज्ञान होतं, आणि त्या ज्ञानाचीच त्याला भीती होती.

या कथेमागे खरा इतिहास आहे. 'काव्यशास्त्रा'चा पहिला भाग दहाव्या शतकात बगदादच्या अबू बिश्र मत्ता याने सुरियानीतून अरबीत आणला. बाराव्या शतकात कॉर्डोबाच्या इब्न रुश्दने त्यावर भाष्य लिहिलं. त्याच्यासमोर ग्रीक रंगभूमी नव्हती, त्यामुळे शोकांतिका म्हणजे स्तुतिकाव्य आणि सुखांतिका म्हणजे निंदाकाव्य, असा अर्थ त्याने लावला. १२५६ साली त्या भाष्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपातल्या विद्यापीठांनी अॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र बराच काळ इब्न रुश्दच्या डोळ्यांनी वाचलं.

पण त्याच इब्न रुश्दला ११९५ साली त्याच्याच शहरातून हद्दपार केलं गेलं आणि त्याची तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळली गेली. ती जाळणारे मुसलमानच होते. जॉर्ज फक्त ख्रिस्ती मठात नसतो, हे आपण स्वतःला सांगितलं पाहिजे.

एक खरी मिस मार्पल

आता एक शोध, जो कादंबरीतला नाही. १९४७ साली शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये इजिप्तहून जुन्या कागदांचा एक गठ्ठा आला. त्यात एका फाटक्या जोडपानावर अरबी मजकूर होता. पानांच्या मोकळ्या जागेत कोणीतरी वाटेल तसं गिरवलेलं होतं, एखाद्या कारकुनाने सराव करावा तसं. ते पान नाबिया अॅबट यांच्या हाती आलं.

नाबिया अॅबट यांचा जन्म १८९७चा, तुर्कस्तानातल्या मार्दिनचा. कुटुंब मोसुल, बगदाद करत मुंबईला आलं. त्या मुंबईच्या इंग्रजी शाळांत शिकल्या, लखनऊच्या इसाबेला थोबर्न कॉलेजातून १९१९ साली पदवीधर झाल्या आणि पुढे अमेरिकेत ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. धर्माने ख्रिस्ती असलेल्या या बाईंनी हजरत आयेशा यांच्यावर १९४२ साली आणि बगदादच्या दोन राण्यांवर १९४६ साली पुस्तकं लिहिली. मुस्लीम स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यास करणारे आजही त्यांचा आधार घेतात.

त्या पानाचा छडा त्यांनी अस्सल गुप्तहेरासारखा लावला. गिरगटीत एका माणसाने साक्षीदाराच्या कायदेशीर मजकुराचा सराव केला होता. स्वतःचं नाव लिहिलं होतं, अहमद इब्न महफूज, आणि तारीखही: हिजरी २६६, म्हणजे इ. स. ८७९. गिरगटलेला मजकूर मूळ मजकुराच्या कडेकडेने, उरलेल्या जागेत बसवलेला होता. म्हणजे मूळ मजकूर त्याआधीचा. आणि मूळ मजकुरात काय होतं? हजार रात्रींच्या गोष्टींचं शीर्षक, आणि शहरजादला गोष्ट सांगायला विनवणारी दीनाजाद. 'अल्फ लैला'चा हा सर्वांत जुना ज्ञात तुकडा. १९४९ साली अॅबट यांनी हा शोध प्रसिद्ध केला. इब्न अल-नदीमने ज्याला फिकं म्हटलं, त्याच परंपरेतल्या पुस्तकाचं वय एका कंटाळलेल्या माणसाच्या गिरगटण्यामुळे कळलं.

'लग्व' वाचनाची गोष्ट

आता पहिला आक्षेप. १९५२ साली अलाहाबादला अस्रार अहमद नावाच्या तरुणाने 'जासूसी दुनिया' सुरू केली. टोपणनाव इब्ने सफी. त्यामागची गोष्ट प्रसिद्ध आहे. उर्दूत अश्लील मजकुराशिवाय काही खपत नाही, असं मित्रमंडळीत कोणीतरी म्हणालं, आणि त्याने ते खोटं पाडून दाखवायचं ठरवलं. त्याच वर्षी तो कराचीला गेला, पण पुस्तकं दोन्ही देशांत निघत राहिली. फरीदी, हमीद आणि १९५५पासून इमरान, यांनी उर्दू वाचकांच्या पिढ्याच्या पिढ्या घडवल्या. स्वच्छ रहस्यकथा हा त्याचा आग्रह 'कोझी' हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधीचा.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी ज्यांना वाचायला शिकवलं, त्यांची गणती कोण करणार? इब्ने सफी काय आणि अर्नाळकर काय, दोघेही मोठ्या ग्रंथालयांपेक्षा गल्लीतल्या भाडोत्री वाचनालयांत जास्त जगले. काही पैशांत एक रात्र पुस्तक घरी न्यायचं. जाहिज दुकान भाड्याने घ्यायचा, आपण पुस्तक घ्यायचो. मराठी मुसलमानांच्या अनेक घरांत झुंजार आणि इमरान एकाच उशीखाली असायचे. एकाची लिपी डावीकडून, दुसऱ्याची उजवीकडून. त्या वाचनाने आपल्याला दोन भाषांत घर दिलं. याला लग्व कसं म्हणायचं?

या कादंबऱ्या खोटा दिलासा देतात, असंही म्हणतात. ते काही अंशी खरं आहे. ५ मार्च २००७ रोजी बगदादच्या अल-मुतनब्बी रस्त्यावर, वर्राकांचा वारसा सांगणाऱ्या त्याच पुस्तकबाजारात, मोटारीतल्या बॉम्बचा स्फोट झाला. माणसं मेली, पुस्तकं जळाली. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा एका पुस्तकावरच्या रागापोटी जुनी हस्तलिखितं आणि पुस्तकं फेकली, फाडली गेली. तिथे कोणी मिस मार्पल शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावत नाही.

पण ही कादंबरी वाचकाला एक गोष्ट शिकवते. मेलेला माणूस कितीही किरकोळ असो, त्याचा हिशेब लागला पाहिजे. आणि तो लावायला सत्ता लागत नाही. नीट पाहणारा, नोंद ठेवणारा, घाई न करणारा कोणीही तो लावू शकतो. कर्नलच्या गालिच्यावरची ती अनोळखी पोरगी गावाला फक्त लफडं वाटते. म्हातारी मार्पल तिच्या नखांकडे आणि कपड्यांकडे बघते, ती कोण होती हे विचारते.

म्हणून एक साधी सूचना. आपल्या मोहल्ल्यांत मशिदीच्या, जमातीच्या, शाळांच्या आधाराने छोटी वाचनालयं उभी राहत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. तिथे दीनी किताबा असतात, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात. त्यात आणखी एक फळी वाढवा. अर्नाळकर ठेवा, इब्ने सफी ठेवा, अगाथा ख्रिस्तीची मराठी भाषांतरं ठेवा, आणि 'अल्फ लैला' ठेवा. मुलींना ती फळी मोकळी ठेवा. कोणी कुरकुर केली, तर त्याला इब्न अल-नदीमची नोंद वाचून दाखवा आणि विचारा, त्याने ते फिकं पुस्तक इतक्या वेळा का पाहिलं असेल.